पारंपरिक चाल

पारंपरिक! माझ्या गाण्याला पारंपरिक म्हणाली ती सुनेत्रा, तेही माझ्यादेखत, माईकवर. अगं बाई, मी अजून जिवंत आहे की!

बदलापूरला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तिच्या मंगळागौर मंडळाची तालीम चालली होती. बायको, उमा, गेल्यापासून मी एकटा. दुपारी घर खायला उठतं, म्हणून हॉलच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसतो. तर आतून आलं, ‘शेवंता निघाली सासरी, मागं वळून पाहीना.’

ही चाल माझी. चिंतामणी खांबेटेची. ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमारास लावली, अंबरनाथला, फॅक्टरीच्या कॉलनीतल्या गणपतीसाठी. दिवसा स्टोअर्समध्ये ऑफिसर आणि संध्याकाळी संगीतकार, असा माझा संसार. दरवर्षी एक संगीतिका बसवायचो. नायिका कायम उमाच, कारण माझा तापटपणा दुसरी कोण सहन करणार? एका वर्षी इटलीहून मशीन बसवायला आलेला साहेब पहिल्या रांगेत होता. त्याचा आजोबा तिकडे असलीच गाण्यांची नाटकं करायचा म्हणे. म्हातारपणी एकटा पडला, एकटाच मेला. पण चाल कुणाची हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं, असं साहेब म्हणाला. तेव्हापासून मला एकच हाव. कुणीतरी एकदा माईकवर माझं नाव घ्यावं. आमच्याकडे जनरल मॅनेजरचं नाव घ्यायचे, मांडववाल्याचं घ्यायचे, माझं हटकून राहून जायचं.

मी पेपर टाकला आणि सरळ आत घुसलो.

“काका, हे तर मला आत्यानं शिकवलंय,” सुनेत्रा म्हणाली. “आत्या अंबरनाथची.”

“मग मी कुठला? लंडनचा?”

“बरं, म्हणून दाखवा.”

म्हटलं. बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

“चाल चुकली, काका. ‘मागं’ झालं की थांबायचं असतं. तिथंच तर आम्ही गिरकी घेतो.”

तिडीक गेली डोक्यात! ती ओळ एका श्वासात जाते, हीच तर त्या चालीची गंमत. थांबायची ती उमा. दमा होता तिला. मी दर तालमीला ओरडायचो, आणि ती पदर खोचून म्हणायची, “श्वास नको घेऊ? तुमच्या चालीपायी जीव देऊ की काय?” प्रयोगात पुन्हा तिथंच थांबायची. समोरच्या बायांनी तशीच उचलली, पुढं पोरींना शिकवली.

हे सगळं मी तावातावानं ऐकवलं. सुनेत्रा पोर भली. म्हणाली, “सॉरी हं काका. तुमचं नाव नक्की घेते. आणि म्हणू पण तुमच्याच चालीत. गिरकी काढून टाकू, त्यात काय!”

झालं की काम! हवं ते मिळालं होतं.

त्यांनी एकदा सरळ म्हणून बघितलं. न थांबता, मी लावली होती अगदी तशी. सुरेख जमलं. आणि मी ‘मागं’नंतर उमाच्या थांबण्याची वाट बघत राहिलो. उमाचा आवाज आम्ही कधी टेप केला नाही. तिचे फोटो आहेत पुष्कळ, पण फोटो काही श्वास घेत नाहीत.

“नको,” मी म्हणालो. “थांबा तिथं. गिरकी घ्या.”

“आणि नाव?”

“माझं नको. ही चाल माझी नाही. मी मेलो तरी तिथं थांबलो नसतो.”

“मग कुणाचं घेऊ?”

नाव सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.

कार्यक्रम बायकांचा, पुरुषांना आत मज्जाव. मी दाराबाहेर बसलो. माईकवर आलं, “चाल, उमा खांबेटे.” टाळ्या पडल्या. मग सगळ्या ‘मागं’ म्हणाल्या आणि थांबल्या. तेवढा वेळ ती होती. मग त्यांनी पुढचे शब्द उचलले, आणि मी खुर्ची उचलून घरी आलो.