निरोप आधी, परवाना नंतर

सोळा ऑक्टोबरपासूनचा पाळ्यांचा तक्ता लागला आणि त्यात रेत्नोचं नाव नव्हतं. चूक तिचीच होती. नागोयाच्या वृद्धाश्रमाने नोकरीसाठी पसंती कळवली, त्याच आठवड्यात तिने निगाताच्या या वृद्धाश्रमातल्या आपल्या मजल्यावरच्या सगळ्यांचा निरोप घेऊन टाकला. जावातल्या तिच्या गावी तशीच रीत होती. जायचं ठरलं की आधी सांगायचं, कळत-नकळत घडलेल्या चुकांची माफी मागायची. तिने संचालक कुमागाईंना राजीनामा दिला, बावीस आजी-आजोबांपुढे एकेक करून वाकली आणि सहकाऱ्यांना केक वाटला.

कामाच्या परवान्याची गोष्ट तिला काल कळली. पासपोर्टला टाचलेल्या कागदावर मालकाचं नाव असतं. ते बदलून मिळायला दोन महिने तरी लागतात, आणि तोवर नव्या ठिकाणी एक दिवसही काम करता येत नाही. म्हणून शहाणी माणसं कागद हातात पडेपर्यंत जुनी नोकरी सोडत नाहीत. ती सुटली आणि अर्जही नाकारला गेला, तर बहुधा बॅग भरून घरी परतायचं.

"अगं, तू अजून इथेच?" तिच्यासोबत काम करणारी मुराकोशीसान चादरींची गाडी ढकलत म्हणाली. "परवा मला रडवून गेलीस ना? आता केक परत मागू नकोस म्हणजे झालं."

रेत्नो कसनुसं हसली आणि कुमागाईंच्या खोलीत गेली.

"तुमच्या जागी माणूस घेतला, रेत्नोसान," ते म्हणाले. "तुम्हीच जाते म्हणालात."

"आठवड्यातले दोन दिवस तरी द्या."

"तुमच्या परवान्याला पूर्ण वेळच लागतो. दोन दिवस दिले तर आपण दोघंही अडकू." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तिसऱ्या मजल्यावर एक जागा आहे. पण दोन महिन्यांसाठी नाही देणार. दर वेळी नवा तक्ता करून मी थकलोय. मार्चअखेरपर्यंत थांबत असाल तर राजीनामा फाडतो. लेखी द्या."

तिने जिन्यात उभं राहून नागोयाला फोन लावला. तिथल्या बाई गोड बोलल्या. मार्चनंतर जागा असली तर नक्की विचार करू, म्हणाल्या. या देशात चार वर्षं काढल्यावर 'नक्की विचार करू'चा अर्थ रेत्नोला कुणी सांगायला नको होता.

मग तिने नवऱ्याला फोन केला. पामुजी नागोयाच्या कारखान्यात होता. दोन वर्षं दोघं एकाच देशात वेगळी राहत होती. कालच त्याने वसतिगृहातली खाट सोडून खोली घेतली होती.

"तू ये गं," तो म्हणाला. "दोन महिने माझ्या पगारात भागवू."

"आणि कागद नाहीच मिळाला तर?"



"मग मार्चपर्यंत थांब," तो म्हणाला.

"मार्चला तिथं जागा नसेल."

"दुसरीकडे बघू. खोलीचं काय करू?"

"ठेव."

"पडदे घ्यायचे होते. कुठले घेऊ?"

"गडद नको घेऊस."

तिने खाली येऊन सही केली. कुमागाईंनी राजीनामा फाडला आणि तक्त्यात पेन्सिलीने तिचं नाव लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या पहिल्याच खोलीत एका आजींना कुशीवर वळवायचं होतं. तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. ती वाकली आणि तिने आपलं नाव सांगितलं.