भिंतीकडे गप्प बसणारा स्पीकर

धाकट्या जावेनं शेवटचं सांगितलं, तेही माझ्याशी न बोलता, नवऱ्याच्या तोंडून. दीर दारातच उभा राहून म्हणाला, "वहिनी, ती म्हणते, रविवारपर्यंत ते धुमधुम थांबलं नाही तर क्लास बंद करा. नाहीतर आम्ही दुसरीकडे राहायला जातो."

"खुशाल जा म्हणावं," मी म्हटलं. घर एकच, मधे पातळ भिंत घालून दोन केलेलं. अलीकडे माझ्या पुढच्या खोलीत दुपारी बायकांचा नाचाचा क्लास, पलीकडे धाकटीचा पलंग. ती नर्स आहे, रात्रपाळी करते, दुपारी झोपते. क्लास बंद करून मी काय भिंतीकडे बघत बसू? अंगात धुगधुगी आहे तोवर क्लास बंद होणार नाही, असं मी दिराला तिथल्या तिथे सुनावलं.

बिचारा दोन्हीकडून भरडला जात होता. आवाजाची यंत्रं जोडणं हाच त्याचा धंदा. दुसऱ्या दिवशी तो दोन रुंद फळ्या घेऊन आला. फळ्यांना भोकं, भोकांत स्पीकरचे कोन, म्हणजे ते थरथरणारे कागदी पडदे, आणि मागे खोकंच नाही.

"पाठ उघडीच?"

"उघडीच ठेवायची. डायपोल म्हणतात याला. पुढून जो आवाज निघतो, त्याच्या नेमका उलटा मागून निघतो. बाजूला दोघं भेटतात आणि एकमेकांना मिटवून टाकतात. फळीची कड भिंतीकडे केली, की भिंतीकडे फारसं काही जातच नाही."

"म्हणजे पुढे एक, मागे एक, आणि बाजूला चिडीचूप. अगदी तुमच्यासारखाच की, भावजी!"

तो हसला नाही. वायरी जोडत राहिला.

पहिलं गाणं लागलं आणि माझं डोकंच फिरलं. गाण्यात ठोकाच नव्हता! ठोका ऐकू आला नाही तर बायका नाचणार कशावर?

"जाड आवाज फळीच्या कडेवरून वळसा घालतो," तो म्हणाला. "मग तो पुढेसुद्धा मिटतो. थांबा, कॉम्प्युटरवर त्याला वर उचलतो."

त्याच्याकडे एक डबी होती. गाणं आधी डबीत जायचं. डबी त्याचे वाटे करायची, जाड आवाज मोठ्या कोनांना, बारीक आवाज छोट्यांना. हा क्रॉसओव्हर, म्हणाला. मग स्क्रीनवर एक रेघ. ती जिथे वर ओढावी तिथला आवाज वाढतो, हा इक्वलायझर. तेवढं मला पुरे होतं.

"ओढा वर," मी म्हटलं. "अजून. अहो, हात काय आखडता घेताय? अजून!"

कोन खाडखाड वाजायला लागला. त्यानं झटकन रेघ खाली आणली. "वहिनी, फाटेल तो! मिटलेलं भरून काढायला त्याला दुप्पट पळावं लागतं. त्यालाही हद्द आहे."

"मग त्याला सोबती द्या. एकटा पळतोय म्हणून धापा टाकतोय."

तो तसाच उठला आणि बाहेर गेला. परत आला तो प्रत्येक फळीसाठी आणखी एक मोठा कोन घेऊन. अगदी तळाची घरघर त्यानं छाटून टाकली, ती नाचाला लागत नाही. ठोका तेवढा उचलला. फळ्या मागच्या भिंतीपासून ओढून खोलीत बऱ्याच पुढे आणल्या. माइक लावून मोजायचं, रेघ सुधारायची, पुन्हा मोजायचं. माझा संयम कधीच संपला होता, त्याचा नाही. फळ्यांच्या कडा धाकटीच्या भिंतीकडे याव्यात म्हणून अख्खा क्लास फिरवावा लागला. आरसा एकीकडे, तोंड दुसरीकडे, म्हणून बायका कुरकुरल्या. "आरशात बघायला घरी वेळ मिळतो," मी म्हटलं.

रविवारी क्लासच्या सगळ्या बायकांना बोलावलं. पलीकडे जाऊन मी स्वतः ऐकणार होते. त्या खोलीत वर्षभर मी पाऊल ठेवलं नव्हतं. धाकटी पलंगावर पडली होती, डोळे तारवटलेले. मी कडेला टेकले.

"लावलंय का?" तिनं विचारलं.

मी उठून बाहेर डोकावले. दीर हात हलवून सांगत होता, लावलंय, लावलंय. परत आत आले, भिंतीला कान लावला. लांब कुठेतरी रेडिओ चालू असावा, इतकंच. मला तर उडीच मारावीशी वाटली.

आणि मग पाय सुरू झाले. धप. धप. इतके दिवस गाण्याखाली मला ऐकूच न आलेले पाय आता उघडे पडले होते. जमिनीतून थेट पलंगात येत होते. माझं तोंड पडलं. पायांना कुठली डबी लावणार?

"रबर घालते," मी म्हटलं. "सगळी जमीन रबरानं मढवते. पण क्लास—"

"थांबा हो ताई." ती डोळे मिटून ऐकत होती. "ते धुमधुम गेलं, सुटले. पायांचं मला काही नाही. सगळे एकदम पडले की उलट डोळा लागतो. पण त्यांच्या मागून एक पाऊल पडतं ना, उशिरा, जड, ते झोपू देत नाही. आता पडेल, मग पडेल, म्हणून मी जागीच." तिनं डोळे उघडले. "आज ते नाहीये. आज कोण आलं नाही?"

आज सगळ्या आल्या होत्या. एरवी हजार सबबी सांगणारीसुद्धा.

मला कानकोंडं झालं. मागे कोण राहतंय, म्हणून रोज त्या बायकांवर मीच डाफरत होते.

"मी," मी म्हटलं.

ती उठून बसली. हसली नाही. "कुठला पाय?"

"उजवा गुडघा. पण आधीच सांगते, खुर्चीत बसून शिकवीन, टाळ्या वाजवून शिकवीन, पण शिकवीन."

"आता नको कोण म्हणतंय? पाय वर घ्या." तिनं माझा पाय मांडीवर ओढला आणि दोन्ही अंगठ्यांनी गुडघा दाबत गेली. भिंतीपलीकडे सगळे पाय एकदम पडत होते.

"दुखतंय?"

"छे."

"ताई."

"दुखतंय गं," मी म्हटलं. "फार दुखतंय."