डॉक्टरीणबाईंच्या टेबलावरचा शिंगाचा पेला

मी पेला बोलतोय. साधासुधा नाही, बैलाच्या शिंगाचा! पाराग्वायमध्ये माझ्याशिवाय कुणाचं पान हलत नाही. माझ्यात येर्बा नावाच्या झाडाचा वाळका पाला भरायचा, वर बर्फाचं पाणी ओतायचं आणि एकाच नळीनं सगळ्यांनी पाळीपाळीनं प्यायचं. हेच आमचं तेरेरे. पुरे झालं की मला परत देताना आभार मानायचे. मग त्या माणसाला कुणी आग्रह करत नाही.

मला घडवलं क्रेसेन्सियोबाबांनी. गुरं राखणारा माणूस. आपल्या लाडक्या बैलाचं शिंग त्यांनी स्वतः घासून गुळगुळीत केलं. मग लग्न असो, मयत असो, मी कायम त्यांच्याबरोबर.

एके दिवशी बाबांच्या लघवीतून रक्त आलं. असुन्सियोनच्या इस्पितळात कळलं, मूत्रपिंडाचा कर्करोग फुप्फुसापर्यंत गेलाय. डॉक्टर लिदुविनाबाईंनी गाठींचा रक्तपुरवठा तोडणाऱ्या गोळ्या सुरू केल्या. गाठी आक्रसू लागल्या, पण रक्तदाब असा भडकला की बाईंची झोप उडाली. हा त्या गोळ्यांचा गुणच, पण इथं दाबाची औषधंही हात टेकत होती. गोळ्या थांबवाव्यात तर रोग मोकाट, चालू ठेवाव्यात तर मेंदूत रक्तस्रावाची भीती.

"बाबा, आणखी काही घेता का? झाडपाल्याचं औषध?" बाई दर वेळी विचारायच्या.

"छे हो! देवाशपथ नाही."

बाबा खोटं बोलत नव्हते, हे मी छातीठोकपणे सांगतो. तेरेरेला औषध कोण म्हणतं? ते तर पाणी!

एका दुपारी उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. इस्पितळाच्या आवारात बाई आमच्या बाकावर येऊन टेकल्या. बाबांच्या लेकीनं, निमियानं, मला भरून पुढे केलं. बाईंनी एक घोट घेतला आणि थबकल्या.

"निमिया, एवढं गोड कशानं गं?"

"ज्येष्ठमध आहे, बाई. बाजारातली पालेवाली म्हणाली, मूत्रपिंडाला चांगला. रोज मूठभर कुटून घालते."

"अगं बाई! त्यानं दाब चढतो!"

निमियाला रडूच फुटलं. "म्हणजे मीच बाबांना..."

"गप गं. चुकलं माझं. औषध विचारत बसले, पाणी विचारलंच नाही."

"बघा," बाबा म्हणाले, "एवढ्या शिकलात, पण फुकटचं तेरेरे प्यायल्यावरच कळलं!"

ज्येष्ठमध बंद झाला. हळूहळू दाब उतरला, गोळ्या चालू राहिल्या. बाबांना संत्र्यांचा आणखी एक हंगाम मिळाला. स्वतः लावलेल्या झाडाखाली बसून ते पोटभर संत्री खायचे. मला फार बरं वाटायचं.

मग गाठी पुन्हा वाढल्या. आता गोळ्यांना त्या दाद देईनात.

"बाबा, अजून एक औषध आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सोसेल का, सांगता येत नाही. करून बघू या?" बोलता बोलता त्यांनी स्वतःच मला भरलं.

बाबा सावकाश प्यायले. मला बाईंच्या हातात परत देत म्हणाले, "आभारी आहे, लेकी."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पुन्हा ओतलं नाही.

बाबा गेल्यावर निमियानं मला बाईंच्या टेबलावर आणून ठेवलं. आता मी कोरडाच असतो. नवा रुग्ण आला की बाई मला उचलून विचारतात, "ह्यात काय काय घालता?" लोक आधी हसतात, मग सांगतात. तुम्हीही सांगा बाबांनो, लाजू नका. डॉक्टरांना मनातलं कळत नसतं.

आणि एखाद्यानं उपचार पुरे म्हणत आभार मानले, तर बाई हट्ट करत नाहीत. तो गेल्यावर मला पदरासारखं हळुवार पुसून पुन्हा टेबलावर ठेवतात.