उन्हात काळवंडलेला चंद्र

"हिरामणकाका, आधी त्याच्यावर गोणपाट टाका," मालू म्हणाली. "दोनशे गणपती बघतायत त्याच्याकडं. उद्या माझ्यावर चोरीचा आळ आला म्हणजे?"

"भाद्रपदात दोष गो, पौषात नाय," हिरामण हात न थांबवता म्हणाला.

पेणच्या रामवाडीत, हैबतरावांच्या गणपतीच्या कारखान्यात चंद्र तयार होत होता. या दोन देवांचं वाकडं आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण रोह्याच्या एका शाळेला विज्ञान प्रदर्शनासाठी चार फुटी चंद्र हवा होता, आणि प्लास्टरची ऑर्डर परत पाठवण्याइतका धार्मिक माणूस पेणमध्ये अजून जन्मायचा होता.

हिरामणकडे हे काम आलं ते मानानं नव्हे. एकतीस वर्षं तो या कारखान्यात आखणी करत होता. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. गेल्या मोसमात त्याचा हात कापायला लागला आणि ठाण्याच्या एका मंडळाचा गणपती किंचित तिरळा झाला. मंडळानं 'एकाच वेळी दोन्ही रांगांकडे पाहणारा' अशी जाहिरात करून गर्दी खेचली, पण हैबतरावांचं समाधान झालं नाही. आखणीची खिडकीजवळची जागा मालूला मिळाली, हिरामणला चंद्र.

"याला डोळे नसतात," हैबतरावांनी समजूत घातली होती. "नीट झाला तर बघू पुढचं. नाय तर वडखळला लेकाकडं जाऊन आराम कर."

आराम हा शब्द हिरामणनं आयुष्यात फक्त दवाखान्यात ऐकला होता.

प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी, सकाळच्या एसटीनं शाळेचे दत्तात्रेय सर काम बघायला आले. हिरामणनं गोणपाट ओढलं. चंद्र मोत्यासारखा लखलखत होता. वरून पॉलिशचा हात दिलेला. पेणमधून निस्तेज वस्तू बाहेर जात नसते.

सर वाकून जवळून बघायला लागले. मग त्यांनी विचारलं, "मी चित्रावर खुणा करून दिल्या होत्या. हे जुने खड्डे. ते पांढरे का केलेत?"

"उन्हात हायत ना. आमची मूर्ती दोन महिने उन्हात ठेवा, रंग उडून जातो. ह्यो कधीपासून उन्हात हाय?"

"चारशे कोटी वर्षं."

"मग? पांढराफटकच होणार."

"आणि हे काळे?"

"ते नवे. नव्याचा रंग पक्का."

सर ओट्यावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर पेपर तपासतानाची कळा आली. "हिरामण, तिथं उलटं होतं हो. चंद्रावर हवा नाही. म्हणजे डोक्यावर छप्परच नाही. सूर्याकडून सुटलेले कण थेट येऊन आदळतात. वाळूच्या कणाहून बारीक दगड गोळीसारखे येतात. त्या माऱ्यानं दगडाचं वरचं अंगच बदलतं. त्यातलं लोखंड अगदी सूक्ष्म होऊन पातळ पुटासारखं चढतं. लाखो वर्षं हे चाललं की दगड काळपट, थोडा तांबूस होतो. नवा खड्डा पडला की आतलं ताजं वर येतं, ते उजळ दिसतं. मुळात चंद्र हा डांबरी रस्त्याच्या रंगाचा आहे."

"डांबरी?" मालू खिडकीतून ओरडली. "आणि आम्ही पोरांना चांदोबा चांदोबा करत भरवतो!"

हैबतराव मात्र हसले नाहीत. "सर, आमच्याकडं जुनं करत नायत. नवंच करतात. उद्या टेम्पो यायचा हाय. जमत नसंल तर ऑर्डर रद्द करा." बोलले सरांशी, पाहिलं हिरामणकडे.

हिरामणच्या पोटात खड्डा पडला. जुना की नवा, ते कळायला मार्ग नव्हता.

"माझा बाप मिठागरावर होता," तो हळूच म्हणाला. "मिठाची रास उघड्यावर पडली की वरून मळकट होते. फावडा मारला की आत पांढरं शुभ्र. तसं काय?"

"दिसायला तस्संच! फक्त मिठावर धूळ बाहेरून बसते. इथं दगड स्वतःच बदलतो."

"मग उद्या टेम्पो येऊ द्या," हिरामण म्हणाला.

सर गेल्यावर त्यानं काजळी आणि गेरू पाण्यात कालवून स्वतःच्याच मोत्यावर फासला. दहा दिवसांची मेहनत दहा मिनिटांत गेली. मग दात घासायचा जुना ब्रश रंगात बुडवून अंगठ्यानं शिंतोडे उडवायला घेतले. मालूला राहवलं नाही, तिनंही एक बाजू मागितली. तिचे ठिपके एका ओळीत पडले.

"चंद्र हाय गो, रांगोळी नाय," हिरामण म्हणाला.

त्याचे शिंतोडे कुठेही, कसेही पडत होते. आकाशातल्या दगडांनाही नेम धरायची शिकवण नसावी. दुपार कलली तेव्हा त्यानं पत्र्याचा तुकडा घेतला आणि सरांनी खूण केलेले नवे खड्डे खरवडले. आतलं पांढरं प्लास्टर वर आलं. तिथून बाहेर फेकल्यासारख्या रेघा ओढल्या. रेघा थरथरत गेल्या, आणि त्यामुळेच कोणी ओढल्यासारख्या वाटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून उतरलेल्या सरांनी चंद्राभोवती दोन फेऱ्या मारल्या. एका उजळ खड्ड्यावर बोट ठेवून त्यांनी टेम्पोवाल्याला विचारलं, "सांगा, हा जुना की नवा?"

"नवाच की. कालच पडल्यासारखा दिसतोय."

"घ्या उचलून," सर म्हणाले, आणि हिरामणनं स्वतःच एका बाजूला हात लावला.

चंद्र डांबरी रस्त्यानं रोह्याकडे गेला. रंग जुळत होता.

हैबतराव कानामागं खाजवत उभे होते. "माघी गणपतीला तीन मंडळांना डोंगर पायजेत. खडक, कडे, जुनाट दिसणारे. उद्या नऊला ये. मालूला डोंगर जमायचे नाय."

"मला कोणी विचारलं तरी का?" मालू म्हणाली.

"नऊला येतो," हिरामण म्हणाला. इतक्या शांतपणे, की वडखळचा आराम किती जवळ येऊन गेला ते कोणाला समजलं नाही.

मग तो खिडकीशी गेला. सदऱ्याच्या खिशातून कागदात गुंडाळलेला, डोळे आखायचा झिरो नंबरचा ब्रश काढून त्यानं मालूच्या वाटीशेजारी ठेवला. "केस झडत नाय त्याचा. गरम पाण्यात धुवू नको."

मालूनं आपला ब्रश बाजूला ठेवला, त्याचा उचलला, आणि समोरच्या मूर्तीच्या डाव्या डोळ्याची वरची कड एका दमात काढली. सरळ, न हलता. डोळा पुरा होईपर्यंत हिरामण तिच्या मागं उभा राहिला. मग अंगणात जाऊन गेरू भिजवायला बसला.