उंदरांचं सांगायचं राहिलं

गिरिजा केंब्रिजला उंदरांच्या आतड्यांतल्या जीवाणूंवर संशोधन करायची. ते जीवाणू रोगप्रतिकारक पेशींना कसं वळण लावतात आणि त्या पेशी पुढे मेंदूतली आग विझवतात की भडकवतात, हा तिचा विषय. एप्रिलमध्ये ईलिंग उपनगरातल्या जयंतीच्या कार्यक्रमात सुखदेवकाकांनी तिला बोलायला बोलावलं. काका तिथले जुने कार्यकर्ते. आपल्या समाजाची मुलगी केंब्रिजात संशोधन करते, हे त्यांनी माइकवरून पुन्हा पुन्हा सांगितलं.

सुरुवातीला ती जपून बोलली. पण लोक मोबाइल काढून बसले, तशी तिने भाषा बदलली. पोटातले जीवाणू म्हणजे सैन्याला तालीम देणारे वस्ताद, म्हणाली. वस्ताद बिघडले की सैन्य घरच्यांवरच, थेट मेंदूवर हात टाकतं. लोक सावरून बसले. मागच्या रांगेतल्या एका बाईने विचारलं, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या आजारातही असंच होतं का? अगदी असंच, असं सांगून गिरिजाने वर जोडलं, "गोळ्या सैन्याला झोपवतात. वस्तादच सुधारला, तर झोपवायची गरज काय?"

हशा पिकला. गिरिजाला बरं वाटलं.

जूनमध्ये तिला प्रणय नावाच्या माणसाचा फोन आला. प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईचा, रूपालीचा, तो नवरा. तो भांडला असता तर परवडलं असतं. तो अदबीने बोलत होता. भाषण ऐकल्यापासून रूपालीने गोळ्या सोडल्या होत्या. पोटातले वस्ताद सुधारावेत म्हणून घरी लावलेलं दही, आंबील, भाज्या, सगळं नेमाने चालू होतं. तरी आजार उसळला होता आणि आता तिला एका डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हतं. हॉस्पिटलमध्ये स्टेरॉइड दिली होती, पण गोळ्या पुन्हा घ्यायला ती तयार नव्हती.

"ती म्हणते, ताईंना विचारा," प्रणय म्हणाला. "आमचं खाण्यात काय चुकतंय, ताई?"

 मी येते, गिरिजा म्हणाली.

शनिवारी ट्रेनमध्ये तिने वाक्यं जुळवली. अभ्यास प्राथमिक होता, वेळ कमी होता, लोकांना समजेल असं सांगायचं होतं. एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि प्रत्येक वाक्याला पळवाट होती.

रूपाली तिच्याच वयाची निघाली. बोलताना ती मान किंचित वळवून चांगला डोळा समोर आणत होती. तिने आंबिलीची वाटी पुढे ठेवली आणि नीट आंबलीय का बघा, म्हणाली. गिरिजाने वाटीला हात लावला नाही.

"रूपाली, मी सांगितलं ते उंदरांचं होतं. माणसांत आहाराने हा आजार आवरतो, असं अजून कुणाला दाखवता आलेलं नाही. आणि गोळ्यांचं तर मी लोक हसावेत म्हणून बोलले."

रूपालीने वाटी परत आपल्याकडे ओढली.

"मग उंदीर हा शब्द तेव्हाच म्हणायचा होता," ती शांतपणे म्हणाली. "त्या हॉलमध्ये बाकीच्यांसाठी ती गंमत होती. आजारी मी होते."

गिरिजाला मान वर करवेना. प्रणयने अवघडून वाटी तिच्याकडे सरकवली, खा ताई, लांबून आलात, म्हणाला. त्या अगत्यानं तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांचं ऐका, मी म्हटलं म्हणून सुद्धा काही करू नका, असं कसंबसं सांगून ती उठली.

डॉक्टरांच्या सल्ल्याने रूपालीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. शरद ऋतूपर्यंत नजर बरीचशी परतली, पण त्या डोळ्याला लाल रंग विटल्यासारखा दिसायचा. तो तसाच राहील, असं प्रणयने कळवलं.

गिरिजाने सुखदेवकाकांकडे पुढच्या कार्यक्रमात पाच मिनिटं मागितली. आपल्याच माणसांपुढे कशाला हसं करून घेतेस, ते म्हणाले. ती हटली नाही. सगळं सांगितलं, आपलं नाव घेऊन, रूपालीचं न घेता. सभागृहात कुजबुज झाली. रूपाली आली नव्हती. प्रणय दाराजवळ उभा होता. गिरिजा मंचावरून उतरेपर्यंत तो निघून गेला होता.