राहिलेला काना

"काका, तुम्ही घातलेले एकशे चौदा काने! मोजलेत मी. सगळे काढायचेत."

अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीनं मुद्रितांचा गठ्ठा टेबलावर आदळला. छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मात्रेकाका म्हणत. ते काही आडनाव नव्हे. चाळीस वर्षं काना-मात्रा शोधल्याचं ते बक्षीस.

"काढायचे? अगं, गोष्टीतला पोरगा नऊ वर्षांचा. 'मी आले, मी जेवले' म्हणतो. आलो, जेवलो नको?"

"तोच तर गोष्टीचा जीव आहे! घरचे पोरगा म्हणून वाढवतायत, पण ती मुलगी आहे. तुम्ही गोष्ट वाचता की नुसत्या वेलांट्या?"

"वेलांट्याच," काका म्हणाले. ती हसली.

समासात लेखिकेनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'दुरुस्ती नको. ती म्हणते तेच बरोबर.'

काकांनी खोडरबर घेतलं. नशीब, पेन्सिलीचं काम होतं. एकेक काना पुसताना त्यांचे ओठ हलू लागले. आलो, आले. जेवलो, जेवले.

त्यांच्या घरीही एक सात वर्षांचं लेकरू दप्तर टाकत ओरडायचं, "बाबा, मी आले!" काका कधी रागावले नाहीत, हात उगारला नाही. हातातल्या कागदांवरून नजर न उचलता एवढंच म्हणायचे, "आलो. काना राहिला." लेकरू पुन्हा दाराबाहेर जाई, आत येई नि हळूच म्हणे, "आलो." पुढे पुढे ते काही न बोलताच घरात येऊ लागलं.

एकोणिसाव्या वर्षी एका सकाळी टेबलावर चिठ्ठी होती. 'बाबा, येते.' काकांच्या हातात लाल पेन होतं. हाताच्या सवयीनं त्यांनी 'ते'ला काना दिला आणि दूध आणायला गेले. परतले तर चिठ्ठीवर घराची किल्ली. काहीतरी विसरलं म्हणून लेकरू मागे आलं असावं. चिठ्ठी पाहून गेलं. त्याला आता अकरा वर्षं झाली.

तेव्हापासून रोज हात जोडून काकांचं एकच मागणं, 'लेकराला सांभाळ.' लेकरू म्हटलं की तो की ती, हे देवालाही सांगावं लागत नाही.

संध्याकाळी मुलीनं पर्स खांद्याला अडकवली. "काका, येते हं."

"काय म्हणालीस?"

"येते म्हणाले. का, चुकलं?"

"नाही गं," काका म्हणाले. "बरोबर आहे. ये."

घरी आल्यावर त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकातली चिठ्ठी काढली. खिशातून खोडरबर काढलं. लाल शाई फिकीसुद्धा होईना. फुंकर मारून ते पुन्हा घासत राहिले, अगदी हलक्या हातानं, शेजारच्या 'ये'ला धक्का लागू नये म्हणून. कागद विरत गेला, त्यातून दिव्याचा उजेड दिसू लागला.

काना राहिला.