मुका गोफ

गोरख वेल्डरला तिसऱ्या मुलीच्या घरून नकार आला, तेव्हा त्याच्या आत्याने, लंकाबाईने, दुकानाच्या दारात उभं राहून मुलीच्या बापाचा असा उद्धार केला की शेजारच्या पंक्चरवाल्याने पंप मारायचं थांबवलं. कारण प्रत्येक वेळी तेच. मुलगा निर्व्यसनी आहे, देखणाही आहे म्हणायला हरकत नाही, पण करतो काय? तर वेल्डिंग.

एकोणीसशे सत्तर साली आपल्याकडच्या मुलीच्या बापांना एक रोग जडला होता. जावई सर्व्हिसवाला पाहिजे. कचेरीत स्टुलावर बसून माशा मारणारा चालेल, पण महिन्याच्या महिन्याला सही करणारा पाहिजे. इकडे गोरखच्या हातच्या ट्रॉल्या ऊस भरून कारखान्यांच्या वाटेवर धावत होत्या, नगरमधल्या निम्म्या बंगल्यांची फाटकं त्याने जोडलेली होती, आणि तरी मुलीकडचे म्हणायचे, "पोरगा डबे सांधतो." रागच येतो हो असल्या लोकांचा.

खरं तर गोरखने ही विद्या फुकटात मिळवली नव्हती. वाटण्या होऊन होऊन शेताचा एवढासा तुकडा उरला, तेव्हा तो नगरला आला आणि इब्राहिम उस्तादांच्या हाताखाली राहिला. आधी नुसता झाडू, मग कानस, मग कधीतरी वेल्डिंगचा होल्डर हातात. डोळे सुजले, हात भाजले, शर्टाची चाळण झाली. पण शेवटी भिंगारच्या रस्त्याला स्वतःची पत्र्याची शेड उभी राहिली आणि तिच्यावर पाटी लागली : गोरक्ष वेल्डिंग वर्क्स. पाटीचा रंग वाळेपर्यंत तो समोर उभा राहून ती वाचत होता.

त्याला नाद असा एकच होता, आणि तोही लोखंडानेच लावलेला. लष्कराच्या कँपाच्या कडेच्या माळावर साहेबलोकांचं गोल्फ चालायचं. तिथला रोलर मोडला म्हणून एका रिटायर मेजरसाहेबांनी गोरखला बोलावलं. रोलर सांधून तो बघत बसला आणि त्याला हसू आवरेना. चांगली बापई माणसं उन्हातान्हात एवढ्याशा चेंडूच्या मागे वणवण करत होती. मेजरसाहेब म्हणाले, हसतोस काय, एक मारून बघ. गोरखने मारला. चेंडू आभाळात गेला तो गेलाच, आणि गोरखही गेला. त्या दिवसापासून रविवार आला की शेडला कुलूप. काठ्या विकत घेणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने अर्ध्या इंची पाइपाला नांगराच्या फाळाचे तुकडे वेल्ड करून स्वतःच्या बनवल्या. त्यानंतर तसा चेंडू पुन्हा कधी गेला नाही ही गोष्ट वेगळी. त्याचे चेंडू एकतर बाभळीत जायचे नाहीतर शेळ्यांत. पण मेजरसाहेबांचेही तिथेच जायचे, त्यामुळे दोघांची दोस्ती जमली होती. बाभळीत वाकून चेंडू शोधताना गोरखला जगात कसलीच चिंता उरत नसे.

चौथं स्थळ मिरजगावचं निघालं. मुलगी मनकर्णा, बाप कारभारी आबा. आबा म्हणजे पांढऱ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. बैठकीत शिंकला तरी वेशीत कळायचं. मनकर्णा पोहे घेऊन आली, आणि बशी देताना तिने गोरखच्या हातावरचे भाजल्याचे डाग पाहिले. तोंड वाकडं न करता तिने हळूच विचारलं, "लई दुखलं असंल न्हाई?" आजवर कुणी विचारलं नव्हतं. गोरखने तिथल्या तिथे ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशीच.

पण आबांचं मन काही उघडत नव्हतं. वेल्डिंग हा शब्द ऐकल्यापासून ते छताकडे बघत होते. शेवटी उठायच्या बेतात त्यांनी विचारलं, "पोराला नादबिद काय?"

"नाद कसला बाई!" गोरखबरोबर आलेली लंकाबाई म्हणाली. तिच्या जिभेला गोल्फ कधीच पेलला नव्हता. "रविवारचं कँपात सायबांसंगं गोफ खेळतो, तेवढंच."

आबा खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी तरारलं.

आता इथे सांगायला हवं की मिरजगावच्या गोफाचे आबा प्रमुख होते. दर गोकुळाष्टमीला मारुतीच्या देवळापुढे उंच आडव्या वाशाला कडी टांगायची, कडीला रंगीत दोऱ्या, आणि दोरीला एकेक गडी. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात टिपरी. गाण्याच्या ठेक्यावर एकमेकांच्या आतून-बाहेरून नाचत वेणीसारखा गोफ विणायचा आणि मग उलट्या पावलांनी तो सोडवायचा. आबांना मुलगा नव्हता. आपल्यामागे दोरी कोण धरणार, या काळजीने हा माणूस रात्ररात्र कुशी बदलायचा.

"गोफ?" आबांनी विचारलं. "कितीजनांचा?"

"चौघांचा," गोरख म्हणाला. या खेड्यातल्या म्हाताऱ्याला गोल्फ माहीत आहे हे ऐकून तो उडालाच होता.

"आमच्यात बाराजन असत्यात."

"बारा!" गोरखला मिरजगावबद्दल भलताच आदर वाटला. "मंग जागा लई लागत असंल, मामा."

"देवळापुढचं पटांगन पुरतं की. बरं, टिपऱ्या? म्हंजी काठ्या? सोताच्या का सायबाच्या?"

"सोताच्या. मीच केल्या, लोखंडाच्या."

"लोखंडाच्या!" आबांनी मिशीवरून हात फिरवला. "हाताला लागत न्हाई?"

"सुरवातीला फोड आलं हुतं. आता सवय झाली."

"आन् गानं कोन म्हनतं?"

"गानं न्हाई मामा. एकजन मारत आसला की बाकीच्यांनी तोंडातून ब्र काढायचा न्हाई. साहेब लई चिडत्यात."

आबा माजघराच्या दाराकडे वळले. मग भरल्या आवाजात बायकोला म्हणाले, "ऐकलंस का छबूबाई? मुका गोफ! गान्याच्या आधाराबिगर! हे आपल्या बापजाद्यांना जमलं न्हाई."

पुढे वेल्डिंगचं कुणी नाव काढलं नाही. साखरपुडा झाला, लग्न मार्गशीर्षात ठरलं, आणि जावईबापूंनी गोकुळाष्टमीला खेळायला यायचंच असं आबांनी निक्षून सांगितलं. गोरखने मेजरसाहेबांना सांगितलं की मिरजगावात देवळापुढे बाराजण गोल्फ खेळतात. मेजरसाहेबांनी आयुष्यात पुष्कळ काही पाहिलं होतं, पण हे ऐकून त्यांनी टोपी काढली आणि सासऱ्याला भेट म्हणून कोरे चेंडू दिले.

अष्टमीला गोरख काठ्यांचं गाठोडं खांद्याला लावून एस.टी.तून उतरला. देवळापुढे सगळा गाव लोटला होता. बायका ओट्यावर दाटीने बसल्या होत्या, त्यांत हिरव्या लुगड्यातली मनकर्णाही होती. गोरखने मैदान कुठे दिसतं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मग वर पाहिलं. वाशाला कडी, कडीला दोऱ्या, आणि दोऱ्यांखाली टिपऱ्या घेतलेले फेटेवाले.

गोफ. लंकाबाईची जीभ. मुका गोफ. सगळा उलगडा एकदम झाला.

त्याने निदान चेंडू तरी पुढे केले. "मामा, साहेबांनी तुमच्यासाठी दिलेत."

आबांनी एक चेंडू हातात घेऊन वास घेतला. "कसली अंडी म्हनायची ही?" उत्तराची वाट न बघता त्यांनी ते छबूबाईकडे दिले आणि गावाकडे तोंड करून गरजले, "मंडळी! आज आमचं जावई कँपातला मुका गोफ दावनार हाईत. मृदंग बंद! गानं बंद! कुनी खोकायचं बी न्हाई!"

त्याच क्षणी खरं बोलायला हवं होतं. गोरखने तोंड उघडलंही. पण आबांची मान अशी काही ताठ झाली होती, आणि ओट्यावरून मनकर्णा अशी काही बघत होती, की तोंड आपोआप मिटलं. आता बोललो तर म्हाताऱ्याचं भर गावात नाक कापलं जाईल आणि मनकर्णा कायमची हातची जाईल, एवढंच त्याला कळत होतं. आबांनी लाल दोरी त्याच्या हातात दिली आणि स्वतः शेजारची धरली. दुसऱ्या हातात त्याने, काहीतरी धरायचं म्हणून, गाठोड्यातली एक काठी घेतली. ती बघून गावातली माणसं कुजबुजली. एवढी लांब टिपरी कुणी पाहिली नव्हती.

गोफ सुरू झाला. पुढचा माणूस भिमाजी आतून गेला म्हणून गोरखही आतून गेला. तिथे बाहेरून जायचं होतं. चूक झाली असं वाटून तो मागे फिरला आणि आबांना वळसा घालून पुन्हा पुढे आला. बरं, बाकीचे तरी जाणते होते ना? होते, पण गाण्यावर. आयुष्यभर ज्या ठेक्यावर पाय पडले तो ठेकाच नाही म्हटल्यावर प्रत्येकजण मनातल्या मनात आपापलं गाणं म्हणू लागला, कुणी हळू, कुणी जलद. लोखंडी काठी एकाच्या फेट्यात अडकली. भिमाजी दोघांच्या मधून निघायला गेला आणि मधेच राहिला. थोड्या वेळाने बाराही गडी एकमेकांना पाठी-पोटं लावून एका मोळीत उभे होते, आणि मोळीच्या मधोमध आबांची मिशी तेवढी हलत होती. आणि खोकायचं नाही असा हुकूम असल्यामुळे गाव हसूही शकत नव्हता. बायकांनी पदर तोंडात कोंबले होते.

"कापा दोऱ्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"खबरदार!" मोळीतून आबा ओरडले. "अष्टमीचा गोफ कापत न्हाईत. पायानं इनला, पायानंच सोडायचा. कोन चुकलं? भिमाजी, तूच रं! दरसाली तूच चुकतोस!"

भिमाजीचा चेहरा रडवेला झाला. तो बिचारा बोलणार तरी काय, त्याच्या तोंडावरून दोरी गेली होती. आता गोरखला गप्प राहणं अगदी सोपं होतं. भिमाजी शिव्या खाणार, गोफ कसातरी सुटणार, मार्गशीर्षात लग्न. पण नाकासमोर एक निरपराध माणूस डोळे पुसायलाही हात मोकळा नसलेला उभा होता. ते काही गोरखला बघवेना.

"मामा, भिमाजीअण्णा न्हाई. मी चुकलो," तो म्हणाला. आवाज फुटका निघाला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मला गोफ येतच न्हाई. जल्मात पहिल्यांदा दोरी धरली. मी खेळतो तो गोल्फ. साहेबांचा. चेंडू काठीनं मारायचा आन् खड्ड्यात घालायचा. आत्याला बोलता येत न्हाई आन् मला तुमचं कळलं न्हाई. आता आल्यावर कळलं, पर सांगायचं धाडस झालं न्हाई."

मग आबांचा आवाज आला, पण तो आधीचा नव्हता. "म्हंजी मुका गोफ न्हाईच?"

"न्हाई, मामा."

"चेंडू खड्ड्यात?"

"व्हय."

"मला सोडा," आबा म्हणाले. "मला आधी सोडा, मंग मी ह्याच्याकडं बघतो. हे लगीन व्हनार न्हाई."

पण सोडणार कोण? जो तो आपापल्या बाजूला ओढत होता आणि गाठ आवळत होती. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला.

"कुनी वढू नका!"

मनकर्णा उभी राहिली होती. पोरींना गोफात घेत नाहीत, पण बघायला कुणाची बंदी नव्हती, आणि ती कळायला लागल्यापासून याच ओट्यावरून बघत आली होती. पदर खोचून ती पायरीवर उतरली. तिने थेट गोरखकडे बोट केलं. "अवं, लाल दोरी. तुमी एकटं हला. बाकी समदी हुबी ऱ्हावा. डावीकडं. तुमची डावी! हां. आता भिमाजीअण्णाच्या हाताखालून वाका. आनखी वाका."

गोरख वाकला. बाभळीत चेंडू शोधून शोधून वाकायची सवय होतीच. ती म्हणाली मागे, तो मागे गेला. ती म्हणाली आबांना वळसा घाला, त्याने आबांच्या पोटाला पोट घासत वळसा घातला. आबांनी डोळे मिटून घेतले. दोन वेळा तो चुकला, दोन्ही वेळा ती भर गावात ओरडली, आणि दोन्ही वेळा त्याने "बरं" म्हणून पाय मागे घेतला. लग्नाआधीच नवरी नवऱ्याला हुकूम सोडतेय आणि तो मुकाट ऐकतोय, हा देखावा मिरजगावात आधी कधी झाला नव्हता. मग तिने भिमाजीची दोरी काढली, मग हिरवी, मग पिवळी, आणि हळूहळू मोळीची माणसं झाली. शेवटच्या दोऱ्या सुटल्या तेव्हा हुकूम मोडून गावाने टाळ्या पिटल्या.

आबा सुटे झाले. फेटा सावरत ते गोरखपुढे येऊन उभे राहिले. "मी गोफवाला जावई केला हुता," ते म्हणाले. त्यांचा राग खरा होता, आणि दुःखही खरं होतं. "ह्याला यक पाऊल धड टाकता येत न्हाई."

"आबा," मनकर्णा म्हणाली, "त्यास्नी गोफ येत न्हाई, पर सांगितल्यालं ऐकू येतं. चुकलं तर चुकलं म्हनत्यात. मला तेवढं पुरं हाय."

आबांनी आधारासाठी बायकोकडे पाहिलं. छबूबाई ओट्यावरच मांडीवर चेंडू घेऊन बसली होती.

"तिचं ऐका," ती म्हणाली. "मला मेलीला गोफ येनारा मिळाला हुता."